वक्र अवकाशातील चतुष्फलकाचे घनफळ कसे काढावे

सपाट अवकाशातील चतुष्फलकाचे घनफळ शाळेतच संपते: पायाचे क्षेत्रफळ गुणिले उंची, भागिले तीन. चारही शिरोबिंदूंचे निर्देशक माहीत असतील, तर एक निश्चयक मांडून त्याला सहाने भागले की काम झाले. गोलीय आणि अपास्तीय भूमितीत, म्हणजे जिला बरेच जण हायपरबोलिकच म्हणतात त्या भूमितीत, यांपैकी काहीच चालत नाही. तिथे पाया आणि उंची यांच्या गुणाकाराला अर्थ उरत नाही, आणि कोनांमधून थेट उत्तर देणारे साधे बीजगणितीय सूत्रही नाही. नवखा वाचक बहुधा इथेच अडतो, कारण त्रिकोणाच्या बाबतीत त्याला फार सोपे सूत्र मिळालेले असते. एकक गोलावरील त्रिकोणाचे क्षेत्रफळ म्हणजे तीन कोनांची बेरीज वजा पाय (π), आणि अपास्तीय प्रतलावर पाय वजा तीन कोनांची बेरीज. तिसऱ्या मितीतही असेच काही असेल असे समजून तो सूत्र शोधत बसतो.

माझा सल्ला असा, की सूत्र शोधू नये. घनफळ किती आहे हा प्रश्न बाजूला ठेवून, कोन थोडासा बदलला तर घनफळ किती बदलते, हा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर आश्चर्यकारकरीत्या साधे आहे, आणि ते स्वित्झर्लंडमधील बर्नचे गणिती लुडविग श्लेफ्ली यांनी १८५० ते १८५२ या काळात लिहिलेल्या ग्रंथात आहे. हा संपूर्ण ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९०१ साली छापला गेला.

पहिली पायरी: माप आणि कोन ठरवणे

वक्रता गोलीय भूमितीत अधिक १ आणि अपास्तीय भूमितीत वजा १ धरावी. गोलाची त्रिज्या वेगळी असेल, तर शेवटी उत्तराला त्रिज्येच्या घनाने गुणावे. आधीच गुणायला गेल्यास प्रत्येक सूत्रात घोटाळा होतो. सर्व कोन रेडियनमध्ये घ्यावेत. अंशांमध्ये दिलेला कोन संकलनात (म्हणजे इंटिग्रेशनमध्ये) तसाच शिरला, की उत्तर सत्तावन्न पटींनी चुकते, आणि ही चूक अनुभवी माणसांकडूनही होते.

चतुष्फलकाला सहा कडा असतात आणि प्रत्येक कडेवर दोन फलकांमधील एक कोन असतो. त्याला द्वितलकोन म्हणू. सपाट भूमितीत हे सहा कोन कळले तरी आकार लहान की मोठा ते कळत नाही. वक्र भूमितीत मात्र सहा द्वितलकोनांवरून चतुष्फलक पूर्णपणे ठरतो, त्याच्या आकारमानासकट. म्हणून येथे कोन हीच मुख्य सामग्री आहे.

कोनांऐवजी सहा कडांच्या लांबी दिलेल्या असतील, तर आधी कोन काढून घ्यावेत. प्रत्येक फलक हा त्या भूमितीतील त्रिकोण असल्याने त्याचे कोन कोसाइन नियमाने मिळतात; अपास्तीय भूमितीत अ या बाजूसमोरील कोनाचा कॉस = (कॉश ब × कॉश क − कॉश अ) ÷ (सिंह ब × सिंह क), जिथे कॉश म्हणजे अपास्तीय कोसाइन आणि सिंह म्हणजे अपास्तीय साइन, वनराज नव्हे. त्यानंतर एका शिरोबिंदूपाशी जमणारे तीन फलककोन घ्यावेत. शिरोबिंदूभोवती अगदी लहान गोल कल्पिला, तर त्यावर हे तीन फलककोन म्हणजे एका गोलीय त्रिकोणाच्या बाजू होतात आणि द्वितलकोन म्हणजे त्याच त्रिकोणाचे कोन होतात. ही गोष्ट तिन्ही भूमितींत सारखीच खरी आहे, कारण पुरेसे जवळून पाहिले की प्रत्येक अवकाश सपाटच दिसते.

एक उदाहरण घेऊ. अपास्तीय भूमितीत सहाही कडा सारख्या असून प्रत्येकीचा कॉश २ आहे, म्हणजे लांबी सुमारे १.३१७० आहे. फलककोनाचा कॉस (४ − २) ÷ ३, म्हणजे २/३ येतो. आता गोलीय नियमाने द्वितलकोनाचा कॉस (२/३ − ४/९) ÷ (१ − ४/९), म्हणजे ०.४ येतो. हा आकडा पुढे लागणार आहे.

दुसरी पायरी: असा चतुष्फलक अस्तित्वात आहे का, ते तपासणे

मनात आले ते सहा कोन घेऊन चतुष्फलक बनत नाही. फलकांना १ ते ४ क्रमांक द्यावेत आणि चार ओळी व चार स्तंभांची एक मॅट्रिक्स मांडावी. तिच्या कर्णावर सर्वत्र १ असतो, आणि इतर जागी त्या दोन फलकांमधील द्वितलकोनाचा कॉस, चिन्ह उलटून, लिहायचा असतो. हिला ग्राम मॅट्रिक्स म्हणतात. तिचे सर्व मुख्य उपनिश्चयक (त्याच क्रमांकांच्या ओळी आणि स्तंभ ठेवून होणारे निश्चयक) धन असतील, तर चतुष्फलक गोलीय आहे. संपूर्ण निश्चयक शून्य येत असून सर्व कोफॅक्टर (एक ओळ आणि एक स्तंभ गाळून उरणारे, ठरलेल्या चिन्हासह घेतलेले निश्चयक) धन असतील, तर तो सपाट भूमितीतला आहे. निश्चयक ऋण आणि सर्वच कोफॅक्टर धन असतील, तर तो अपास्तीय आहे. कर्णावरील एखादा कोफॅक्टर शून्य झाला, तर त्या फलकासमोरचा शिरोबिंदू अनंताशी गेला आहे असे समजावे. कागदावर झटपट तपासणी करायची असेल, तर प्रत्येक शिरोबिंदूपाशी भेटणाऱ्या तीन द्वितलकोनांची बेरीज १८० अंशांहून जास्त आहे ना, एवढे आधी पाहावे; ती कमी आली, तर पुढचे कष्ट वाचतात.

नियमित चतुष्फलकासाठी, म्हणजे सहाही कोन सारखे असताना, हे सारे एका ओळीत उरकते. कोनाचा कॉस १/३ पेक्षा कमी असेल तर गोलीय, नेमका १/३ असेल तर सपाट (हाच तो ओळखीचा ७०.५३ अंशांचा कोन), १/३ आणि १/२ यांच्या दरम्यान असेल तर अपास्तीय. कॉस १/२ झाला, म्हणजे कोन ६० अंशांचा झाला, की चारही शिरोबिंदू अनंताशी पोहोचतात.

तिसरी पायरी: कडांची लांबी

मॅट्रिक्सच्या कोफॅक्टरांवरून कडांची लांबी मिळते. ३ आणि ४ क्रमांकाच्या फलकांसमोरचे शिरोबिंदू जोडणारी कड ही १ आणि २ या फलकांच्या छेदावर असते. त्या कडेवरील द्वितलकोन क असेल, तर गोलीय भूमितीत

टॅन ल = साइन क × √निश्चयक ÷ (३-४ चा कोफॅक्टर),

आणि अपास्तीय भूमितीत टॅनऐवजी टॅन्श, म्हणजे अपास्तीय टॅन, आणि निश्चयकाऐवजी वजा निश्चयक घ्यायचा. येथील कोफॅक्टर त्याच्या चिन्हासह घ्यायचा असतो. गोलीय भूमितीत तो ऋण आला, तर लांबी काटकोनापेक्षा मोठी आहे. कॅल्क्युलेटर मात्र अशा वेळी ऋण कोन दाखवतो, म्हणून त्यात पाय मिळवावा लागतो. शून्य आला, तर लांबी नेमकी पायच्या निम्मी आहे.

नियमित चतुष्फलकासाठी दोन्ही भूमितींचे मिळून एकच सुटसुटीत सूत्र होते: कॉस क ÷ (१ − २ कॉस क) ही राशी गोलीय भूमितीत कॉस ल आणि अपास्तीय भूमितीत कॉश ल असते. वरच्या उदाहरणातील ०.४ घालून पाहावा: ०.४ ÷ ०.२ म्हणजे २, आणि आपण निघालोही तिथूनच होतो.

चौथी पायरी: श्लेफ्लीचे सूत्र

आता मुख्य गोष्ट. द्वितलकोन किंचित बदलले, तर गोलीय भूमितीत

घनफळातील बदल = ½ × (प्रत्येक कडेची लांबी × त्या कडेवरील कोनातील बदल) यांची सहा कडांवरील बेरीज.

अपास्तीय भूमितीत हेच सूत्र वजा चिन्हासह लागू होते, म्हणजे कोन लहान होतील तसे घनफळ वाढते. हा अर्धा कुठून आला, हे एका सोप्या आकृतीवर पडताळता येते. त्रिमितीय एकक गोलाचे, म्हणजे चार मितींच्या अवकाशातील एकक गोलाच्या त्रिमितीय पृष्ठभागाचे, एकूण घनफळ २ × पाय² आहे. दोन महागोलांमधील (महागोल म्हणजे त्याचे दोन समान भाग करणारा गोल) पाचर, जिचा कोन क आहे, ती त्याचा क ÷ (२ × पाय) इतका हिस्सा व्यापते, म्हणजे तिचे घनफळ पाय × क. या पाचरीची कड हे एक पूर्ण महावर्तुळ असून त्याची लांबी २ × पाय आहे. अर्धा गुणिले २ × पाय गुणिले क केले, की तेच उत्तर येते.

एवढे हाती आले, की घनफळ काढणे म्हणजे ज्याचे घनफळ माहीत आहे अशा चतुष्फलकापासून आपल्या चतुष्फलकापर्यंत चालत जाणे आणि वाटेत लांबी बेरजेत धरत राहणे, एवढेच उरते. वाट कोणती घ्यावी, हा मात्र निवडीचा भाग आहे, आणि चांगली वाट निवडली तर हाताने केलेल्या आकडेमोडीतही चार दशांश स्थळे सहज मिळतात.

पाचवी पायरी: गोलीय उदाहरण, दोन वाटांनी

सहाही कोन काटकोन असलेला गोलीय चतुष्फलक घेऊ. चार निर्देशक महागोल त्रिमितीय गोलाचे १६ सारखे तुकडे करतात, म्हणून याचे घनफळ २ × पाय² ÷ १६, म्हणजे १.२३३७ असले पाहिजे. उत्तर आधीच माहीत असलेले उदाहरण घेण्याचा हेतू असा, की पद्धत चुकली तर लगेच कळावे.

पहिली वाट सपाट चतुष्फलकापासून निघते. तिथे गोलीय घनफळ शून्य असते, कारण आकार आक्रसून बिंदू झालेला असतो. कोन १.२३०९६ रेडियनपासून १.५७०८० पर्यंत वाढतो आणि घनफळ म्हणजे ३ गुणिले लांबीचे या अंतरावरील संकलन. पण आरंभबिंदूपाशी लांबी वर्गमुळासारखी, अगदी उभी चढते, आणि तिथे सिम्पसनचा नियम (समान अंतरांवरच्या किमतींवरून संकलन काढण्याची रीत) थेट लावला तर उत्तर बिघडते. त्यावर उपाय म्हणून कोन = १.२३०९६ + उ² असे लिहावे. मग संकलन २उ × ल या सरळ वागणाऱ्या राशीचे होते आणि उ शून्यापासून ०.५८३० पर्यंत जातो. चार सारखे भाग केले, तर प्रत्येक भाग ०.१४५७४ चा होतो:

| उ | ल | २उ × ल |
|---|---|---|
| ० | ० | ० |
| ०.१४५७ | ०.५७६१ | ०.१६७९ |
| ०.२९१५ | १.०३७३ | ०.६०४७ |
| ०.४३७२ | १.३५८७ | १.१८८१ |
| ०.५८३० | १.५७०८ | १.८३१४ |

सिम्पसनच्या नियमाने दुसरी व चौथी ओळ चारपट, मधली दुप्पट आणि शेवटची एकपट घेतली, की बेरीज ८.४६४८ येते. तिला ०.१४५७४ ÷ ३ ने गुणल्यावर ०.४११२, आणि त्याची तिप्पट १.२३३७. केवळ चार भागांत चारही दशांश स्थळे जुळली.

दुसरी वाट मला गोलीय भूमितीत अधिक पसंत आहे, कारण ती सर्वसाधारण, म्हणजे सहा वेगवेगळे कोन असलेल्या चतुष्फलकालाही चालते. काटकोनी चतुष्फलकाची मॅट्रिक्स म्हणजे कर्णावर १ आणि इतरत्र शून्य. तिथून आपल्या मॅट्रिक्सपर्यंत सरळ रेषेत जावे: प्रत्येक कोनाचा कॉस शून्यापासून हव्या त्या किमतीपर्यंत एकाच प्रमाणात वाढवत न्यावा. दोन धन मॅट्रिक्सांच्या मधली प्रत्येक मॅट्रिक्सही धनच असते, त्यामुळे वाटेत चतुष्फलक नाहीसा होण्याची भीती नाही, आणि आरंभीचे घनफळ १.२३३७ तर हातात आहेच. १२० अंशांच्या नियमित चतुष्फलकावर हे करून पाहू. सहाही कोन सारखेच असल्याने येथे कॉसऐवजी थेट कोनच समान टप्प्यांनी वाढवला तरी वाट तीच राहते. लांबी ९० अंशांना १.५७०८, १०५ अंशांना १.७४२२ आणि १२० अंशांना १.८२३५ येते, या तीनच किमतींवर सिम्पसनचा नियम लावला, की वाढ २.७१३० आणि एकूण घनफळ ३.९४६७. असे पाच चतुष्फलक मिळून पूर्ण त्रिमितीय गोल भरतात, म्हणून खरे उत्तर २ × पाय² ÷ ५, म्हणजे ३.९४७८. दोन भागांच्या आकडेमोडीसाठी ही जवळीक वाईट नाही.

सहावी पायरी: अपास्तीय उदाहरण

येथे सपाट चतुष्फलकापासून उलट दिशेने, कोन कमी करत जायचे. आपल्या उदाहरणात कोनाचा कॉस ०.४, म्हणजे कोन १.१५९२८ रेडियन. कोन = १.२३०९६ − उ² असे लिहून, उ शून्यापासून ०.२६७७ पर्यंत चार भागांत नेऊन वरचीच कृती केली, तर घनफळ सुमारे ०.१७५१ येते. तेवढ्याच कडांच्या सपाट नियमित चतुष्फलकाचे घनफळ ०.२६९२ भरते. अपास्तीय चतुष्फलकाचे फलक आत ओढलेले असतात, म्हणून कडा तेवढ्याच असूनही पोट लहान. गोलीय भूमितीत याच्या नेमके उलट घडते.

कोन सारखे नसतील, तर पाच कोन स्थिर ठेवून एकच कोन निश्चयक शून्य होईपर्यंत वाढवावा आणि त्या एकाच कडेच्या लांबीचे संकलन करून त्याचा अर्धा घ्यावा. हे मूलतः इटालियन गणिती गाएतानो स्फोर्झा यांच्या १९०७ सालच्या सूत्राचेच रूप आहे. मात्र वाटेत सर्व कोफॅक्टर धन राहतात ना, हे प्रत्येक टप्प्यावर तपासावे. एखादा ऋण झाला, तर ती वाट सोडून दुसरा कोन निवडावा. पुढे छो आणि किम यांनी १९९९ मध्ये, तर मुराकामी आणि यानो, तसेच देरेव्हनिन आणि मेदनिख यांनी २००५ मध्ये कोणत्याही अपास्तीय चतुष्फलकासाठी सूत्रे दिली, पण ती समजायला आणि चुका न करता टंकित करायला नवशिक्याने घाई करू नये.

सातवी पायरी: शिरोबिंदू अनंताशी असतील तर

वरची पद्धत येथे कुचकामी ठरते, कारण कडा अनंत लांब होतात. गंमत अशी, की नेमके येथेच सर्वांत सुंदर सूत्र हाती लागते. चारही शिरोबिंदू अनंताशी असलेल्या चतुष्फलकाला आदर्श चतुष्फलक म्हणतात. त्याच्या समोरासमोरच्या कडांवरील कोन सारखे असतात, म्हणून कोन तीनच उरतात, आणि त्यांची बेरीज पाय असते. घनफळ म्हणजे लो(अ) + लो(ब) + लो(क), जिथे लो हे काझानचे निकोलाय लोबाचेव्हस्की यांच्या नावाने ओळखले जाणारे फलन आहे: लॉग |२ साइन थ| या राशीचे शून्यापासून कोनापर्यंतचे संकलन, चिन्ह उलटून. येथील लॉग नैसर्गिक आहे, आणि केवलमूल्याचे चिन्ह विसरू नये.

हे फलन मोजण्यासाठी पुस्तकांत बहुधा साइनांची अनंत बेरीज दिलेली असते, पण ती फार संथ आहे. कोन लहान असताना पुढील मांडणी कितीतरी बरी:

लो(थ) = थ × (१ − लॉग २थ + थ²/१८ + थ⁴/९०० + थ⁶/१९८४५ + …)

थ = पाय/६ घातल्यास एवढ्याच पदांत ०.५०७४७ मिळते. मोठ्या कोनांसाठी दोन गुणधर्म पुरतात: कोनात पाय मिळवला तरी किंमत बदलत नाही, आणि कोनाचे चिन्ह उलटले की किमतीचेही उलटते. त्यांच्या जोडीला लो(२थ) = २ लो(थ) + २ लो(थ + पाय/२) हा दुपटीचा नियम वापरला, तर ३ लो(पाय/३) = २ लो(पाय/६) असे निघते. म्हणजेच तिन्ही कोन ६० अंशांचे असलेल्या नियमित आदर्श चतुष्फलकाचे घनफळ १.०१४९४. अपास्तीय अवकाशात कोणताही चतुष्फलक यापेक्षा मोठा असू शकत नाही. कडा अनंत आणि घनफळ जेमतेम एक, ही गोष्ट पहिल्यांदा पटायला वेळ लागतो. ९०, ४५ आणि ४५ अंशांचा आदर्श चतुष्फलक घेतला, तर लो(पाय/२) शून्य असल्याने उत्तर २ लो(पाय/४), म्हणजे ०.९१५९७ येते, आणि हा कातालान यांचा स्थिरांक आहे. आठच्या आकड्यासारख्या गाठीभोवतीचे अवकाश दोन नियमित आदर्श चतुष्फलकांनी बनते, म्हणून त्याचे घनफळ २.०२९८८, स्नॅपपाय ही मोफत संगणक प्रणाली अशाच बेरजा करून गाठींची घनफळे देते.

संगणकावर काम करताना एक गफलत टाळावी. पायथनच्या एमपीमॅथ संचात क्लाउसेन फलन तयार मिळते, लोबाचेव्हस्कीचे नाही. क्लाउसेनच्या दुसऱ्या फलनात कोनाची दुप्पट घालून उत्तराचा अर्धा घेतला, की लो(थ) मिळते. दुप्पट किंवा अर्धा यांपैकी एक जरी राहिला, तरी येणारा आकडा दिसायला अगदी विश्वासार्ह असतो, म्हणून आधी पाय/६ घालून ०.५०७४७ येते का ते पाहावे.

आदर्श नसलेल्या एका खास चतुष्फलकासाठीही लोबाचेव्हस्की यांचे सूत्र आहे. ज्याचे सहापैकी तीन द्वितलकोन काटकोन असून उरलेले अ, ब, क ओळीने येतात, त्याला ऑर्थोस्कीम म्हणतात. आधी ड हा साहाय्यक कोन काढावा: टॅन ड = √(कॉस² ब − साइन² अ × साइन² क) ÷ (कॉस अ × कॉस क). मग घनफळाची चौपट

लो(अ+ड) − लो(अ−ड) + लो(क+ड) − लो(क−ड) − लो(पाय/२−ब+ड) + लो(पाय/२−ब−ड) + २ लो(पाय/२−ड)

इतकी असते. अ आणि ब ६० अंशांचे व क ३० अंशांचा घेतला, तर ड नेमका ३० अंशांचा येतो आणि घनफळ ०.०४२२९. नियमित आदर्श चतुष्फलक त्याच्या सममितीच्या प्रतलांनी कापला, की असे २४ तुकडे पडतात, ०.०४२२९ ला २४ ने गुणून १.०१५ येते ना, ते करून पाहावे. कोणताही चतुष्फलक एखाद्या शिरोबिंदूपासून समोरच्या फलकावर आणि तिथून त्या फलकाच्या कडांवर लंब टाकून सहा ऑर्थोस्कीममध्ये विभागता येतो, फक्त लंब बाहेर पडल्यास त्या तुकड्यांचे घनफळ वजा धरावे लागते.